माळावरची बर्फाची तयारी

फेब्रुवारी सरत आला की सोलापुरात लोक माळ्यावरचे कूलर खाली काढतात. जाळ्या धुतात, नवं गवत भरतात, पाणी सोडून बघतात. दुपारी शाळेतून घरी येताना खिडकीखिडकीतून त्या ओल्या गवताचा वास येतो. इतरांना त्या वासानं काय आठवत असेल ते असो, मला डांबरगोळ्या आठवतात. लोकरीच्या कपड्यांत टाकतात त्या. कारण काही वर्षांपूर्वी, सगळं शहर गरम कपडे ट्रंकेत घालत होतं तेव्हा आमच्या घरात ते बाहेर निघाले होते.

काढणाऱ्या होत्या आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, नलिनी. चौतीस वर्षं नर्सबाई म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी सांगोला तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर, लशीची पेटी खांद्याला लावून. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि वरून आमच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. एकसष्टाव्या वर्षी एका संध्याकाळी त्या हातात कागद घेऊन खाली आल्या.

"शोभा, मे महिन्यात तुला सुट्टी असते की."

"असते."

"मग तुझंबी नाव घालते. दोघी असलं की बरं पडतं."

मी हो म्हटलं नव्हतं. कशाला नाव घालताय हेही विचारलं नव्हतं. कागद हिमालयातल्या एका ट्रेकचा होता. आठ दिवस, पाठीवर पिशवी, शेवटी बर्फातून चढून एका खिंडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर हिमालय काढत आलेय, तोही एका दमात, पश्चिमेकडून पूर्वेकडं. त्यामुळं मला हिमालयाची भीती वाटते असं सांगायला तोंड नव्हतं.

कागदाबरोबर सहा पानांच्या सूचना होत्या. डोंगरात सुरक्षित कसं चालावं आणि त्यासाठी घरी तयारी काय करावी. आक्कांनी त्या लाल पेनानं खुणा करत वाचल्या. नोकरीत असताना वरून आलेली परिपत्रकं त्या अशीच वाचायच्या, आणि मग पाळायच्यासुद्धा. हे दुसरं करणाऱ्या तालुक्यात त्या एकट्याच असाव्यात.

पहिली सूचना होती चढाची सवय करण्याची. सोलापुरात चढ आणायचा कुठून? आमच्या इमारतीला चार मजले आहेत. तेवढ्याच हिमालयावर आम्ही रोज सकाळी सहा वाजता दहा वेळा चढत आणि उतरत होतो, पाठीवरच्या पिशवीत वजनासाठी पाच-पाच किलो ज्वारी घालून. पहिल्या मजल्यावर व्यंकम्मा राहतात. त्यांनी चौथ्या फेरीला दार उघडलं.

"लिफ्ट बंद पडली काय?"

"नाही, चालू आहे," मी म्हटलं.

"मग वर काय हाय?"

"काही नाही. वर जाऊन परत खाली यायचं."

व्यंकम्मांनी थोडा वेळ आमच्याकडं बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं. आठवडाभरानं माझ्या पिशवीची शिवण उसवली. मला कळलं नाही, पण पारव्यांना कळलं. आम्ही गच्चीवरून उतरत होतो आणि मागून पायरी पायरीनं सात-आठ पारवे उतरत होते. व्यंकम्मांनी त्या दिवशी दार उघडलं नाही, नुसतं भिंगातून बघितलं असावं.

दुसरी सूचना शिट्टीची. वाट चुकली किंवा कुणाला लागलं तर तीन शिट्ट्या मारायच्या, थांबायचं, पुन्हा तीन मारायच्या. आक्का म्हणाल्या, ऐन वेळी फुंकता येत नाही, सराव पाहिजे. एका रविवारी अकराच्या सुमाराला मी गॅलरीत उभी राहून तीन शिट्ट्या मारल्या. नीट दमदार मारल्या. दुपारी व्यंकम्मा वाटी घेऊन वर आल्या. त्यांनी आतल्या खोलीतून त्या शिट्ट्या ऐकल्या होत्या आणि सुनेला गॅस बंद करायला लावला होता. वाटीत कच्ची डाळ होती. ती माझ्यापुढं ठेवून त्या गेल्या.

तिसरी सूचना अशी की सगळे गरम कपडे एकदा अंगावर घालून हात-पाय नीट हलतात का ते बघावं. बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन. आक्कांनी पंखाही बंद केला, तिथं पंखा नसतो म्हणून. आतून गरम बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट, हातमोजे, माकडटोपी असा सगळा सरंजाम करून आम्ही दोघी हॉलमध्ये उठाबशा काढत होतो, तेवढ्यात बेल वाजली. कुरिअरवाला होता. मी हातमोज्यानंच सही केली. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता. पाकीट देता देता तो म्हणाला, "मॅडम, थंडी वाजून ताप असंल तर रक्त तपासून घ्या." मागून आक्का म्हणाल्या, "बरोबर सांगतोय तो."

हसू येतं आता. पण तेव्हा आतून भीती वाटत होती, दोघींनाही. फरक इतकाच की मी ती एकगठ्ठा घेऊन बसले होते, आणि आक्कांनी तिचे तुकडे करून एकेकाला क्रमांक दिला होता. घसरण्याची भीती बुटांत, हरवण्याची शिट्टीत, आजारपणाची औषधांच्या डब्यात. माझा भाऊ पहिल्यांदा नोकरीला परगावी निघाला तेव्हा आईनं त्याच्या पिशवीत सुईदोऱ्यापासून हिंगापर्यंत सगळं भरलं होतं. काय होईल ते माहीत नसतं तेव्हा माणसं पिशवी भरतात.

मार्चच्या शेवटी आक्कांनी रंगीत तालीम ठरवली. सांगोल्याच्या बाजूचा माळ. तिथून सकाळी साडेसहाला निघायचं, नकाशा आणि होकायंत्र वापरून एका वाडीला पोचायचं, तिथून एसटीनं परत. दहा किलोमीटर, साडेनऊ-दहापर्यंत संपणार. "हा माळ मी पेटी घेऊन तुडवलाय," आक्का म्हणाल्या. सूचनांप्रमाणे घरी एक माणूस ठेवायचा होता, ज्याला वाट आणि वेळ ठाऊक असेल. तो माणूस म्हणजे आमचे हे. आक्कांनी धाकट्या भावाला कागदावर लिहून दिलं: साडेअकरापर्यंत फोन आला नाही तर वाडीच्या पोलीस पाटलाला कळवणे. खाली नंबर. ह्यांनी कागद फ्रिजवर लावला. आमच्या घरात विजेचं बिलही वेळेवर भरलं जात नाही, त्यामुळं त्या कागदाचा मी फारसा भरवसा धरला नाही.

आदल्या संध्याकाळी जाऊन आक्कांच्या एका जुन्या मैत्रिणीकडं राहिलो आणि सकाळी निघालो. पहिला तास फार सुंदर गेला. गार वारा, पिवळं पडलेलं गवत, लांबवर एकटीदुकटी बाभळ. दर अर्ध्या तासाला आक्का थांबायच्या, म्हणायच्या, "पाणी." मी प्यायचे. त्या वहीत दोन टिका करायच्या, एक माझ्या नावापुढं, एक स्वतःच्या. मग पुढं.

आठच्या सुमाराला वाट संपली. म्हणजे जिथं वाट असायला हवी होती तिथं डाळिंबाची बाग होती आणि तारेचं कुंपण. आक्कांच्या वेळी ती नव्हती. आम्ही कुंपणाच्या कडेनं निघालो, म्हटलं टोक आलं की वळू. टोक आलं ते दुसऱ्या बागेला चिकटून. होकायंत्र उत्तर दाखवत होतं, नकाशा वाडी दाखवत होता, आणि मधे तार. सातवीच्या मुलांना मी दिशा शिकवते; त्यात कुंपणाचा धडा नाही. दहा वाजले, अकरा वाजले. दोन्ही बागा मागं पडल्या तेव्हा आम्ही वाडीपासून लांब, उघड्या माळावर आलो होतो. ऊन वरून पडत होतं आणि खालूनही येत होतं. माझा मोबाईल तापून बंद पडला. आक्कांच्या मोबाईलला रेंज नव्हती.

साडेअकरा वाजून गेले होते. आक्का मधेच म्हणाल्या, "सुमन, पेटीचं झाकण लाव." माझं नाव शोभा. पेटी आमच्याकडं नव्हती. मग त्यांचे पाय वाकडे पडायला लागले आणि त्या खालीच बसल्या.

मी त्यांना कशीतरी एका बाभळीखाली नेलं. बाभळीची सावली ती काय असणार, चाळणीतून पडावी तशी. निजवलं, पाय पिशवीवर ठेवले. त्यांचं तोंड लाल झालं होतं, कातडी तापली होती. नाडी बघायची म्हणून मनगट धरलं. गडबडीत अंगठा ठेवला. आक्कांनी मला महिनाभर शिकवलं होतं की नाडी अंगठ्यानं बघायची नाही, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. दर वेळी मी विसरायचे आणि दर वेळी त्या हातावर चापट मारायच्या. आता मी अंगठा ठेवला आणि वाट बघितली. त्या काही बोलल्या नाहीत. डोळे अर्धवट उघडे होते, बघत होत्या, आणि तरी बोलल्या नाहीत. त्या दिवशी खरी घाबरले मी ती तेव्हा.

पाणी पाजायला म्हणून त्यांच्या पिशवीतली बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. दुसरी काढली, तीही तशीच. वहीत त्यांच्या नावापुढं नऊ टिका होत्या. नऊ वेळा मला पाणी पाजून या बाईनं स्वतः एक घोट घेतला नव्हता.

मी ओढणी भिजवून त्यांच्या मानेला गुंडाळली, पदर सैल केला, वहीनं वारा घातला आणि शिट्टी काढली. तीन मारल्या. थांबले. पुन्हा तीन. चौथ्या वेळी चढावरून एक काळं कुत्रं पळत आलं आणि माझ्यासमोर शेपूट हलवत बसलं. त्याच्यामागं मेंढरं आली, शंभर-दीडशे, आणि त्यांच्यामागं डोक्याला फडकं बांधलेली एक पन्नाशीची बाई, काठी घेऊन, वैतागलेली.

"माझ्या कुत्र्याला कोन शिट्ट्या मारतंय गं? समदी मेंढरं फिरीवली की त्यानं."

मग तिनं आक्कांना बघितलं. काठी टाकली. तिचं नाव हिराबाई. तिनं आधी मेंढरं बाभळीभोवती आणून दाटीनं उभी केली, त्यामुळं तापल्या मातीवरून येणारी झळ अडली. डोक्याचं फडकं सोडून त्यावर माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि ते आक्कांच्या डोक्यावर, काखेत, तळपायांवर फिरवायला लागली. मी मीठसाखरेची पूड पाण्यात कालवली. नीट गिळता येतंय हे बघून घोट घोट देत राहिले. किती वेळ गेला कळलं नाही. मी पुन्हा मनगट धरलं.

"अंगठ्यानं न्हाई," आक्का डोळे मिटूनच म्हणाल्या. "दोन बोटांनी."

मी रडायला लागले. हिराबाई म्हणाली, "आता कशाला रडतीयास, बोलल्या की त्या."

थोड्या वेळानं आक्का टेकून बसल्या तेव्हा मी बाटल्या त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी दोन्ही बाटल्या जवळ ओढल्या. मग म्हणाल्या, "सवय गं. नोकरीत दिवसभर वस्त्या फिरायच्या. कुठं संडास नाही, कुठं आडोसा नाही. पाणी प्यायलं की जायला लागतं. मग प्यायचंच नाही, घरी जाऊन प्यायचं. आज बघितलं तर सगळा उघडा माळ. कुठं बसायचं?"

"मग टिका कशाला केल्या?"

"तू पाणी बंद केलं असतंस ना, मी पीत नाही म्हटल्यावर."

हिराबाई हे ऐकत होती. तिला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. "मी रोज हितंच असते की," ती म्हणाली. "मेंढरं आडवी घालायची आन् बसायचं. मेंढरं काय बघत्यात व्हय?" आणि अर्ध्या तासानं, आक्कांनी सगळं पाणी संपवल्यावर, तिनं खरोखर तोंडानं एक आवाज काढला, कळप वळवला आणि लोकरीची एक भिंत उभी केली. मी आक्कांना हाताला धरून पलीकडं नेलं. सहा पानांच्या सूचनांत विजेपासून अस्वलापर्यंत सगळं होतं. हे नव्हतं.

"कुटं जायाचं हाय एवढं?" हिराबाईनं विचारलं. मी हिमालयाचं सांगितलं.

"तितं मेंढरं हायत का?"

"असतील वर कुठंतरी."

"मग कशापायी चाललाय?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत मी विचारला नव्हता. आक्का फडक्याच्या टोकाशी चाळा करत होत्या. "लशीच्या पेटीत बर्फ असतो," त्या म्हणाल्या. "तो वितळायच्या आत शेवटच्या पोराला सुई टोचायची. चौतीस वर्षं बर्फ वितळंल म्हणून पळाले मी. जिथं तो आपला आपण राहतो, कुणाला पळायला लागत नाही, ते एकदा बघायचंय."

हिराबाईनं मान हलवली. "व्हय, मग बघाच," ती म्हणाली.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. पोलीस पाटील होते, मागून एक जीप. आमच्या ह्यांनी अकरा एकतीसला फोन केला होता, मग अकरा चाळीसला, मग दर दहा मिनिटांनी. पाटील वैतागले होते. "कोन हायत वो त्ये तुमचे? आमाला जेवूबी दिलं न्हाई." आक्कांचा चेहरा इतका उजळला की सलाईनची गरज नाही असं वाटावं. ती लागलीच. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि तिथल्या तरुण नर्सला पट्टी कशी चिकटवायची ते दोनदा करून दाखवायला लावलं.

घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केलं की आता हिमालयाचं नाव काढायचं नाही. आक्का वाद घालतील असं वाटलं होतं. त्या वर निघून गेल्या. दोन दिवस त्या खाली आल्या नाहीत आणि जिन्यात पावलं वाजली नाहीत. व्यंकम्मासुद्धा विचारायला आल्या, "दोघी आजारी हाय काय?" तिसऱ्या दिवशी आक्का कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. हृदयाचा आलेख, रक्त, साखर, मूत्रपिंड, सगळ्या तपासण्या करून डॉक्टरची चिठ्ठीही आणली होती. गठ्ठा भावापुढं ठेवला.

"वाच."

"मला यातलं काय कळतंय, आक्का?"

"सगळं ठीक आहे. शरीराची चूक नव्हती. माझी होती." मग सूचनांच्या सहा पानांना टाचलेलं सातवं पान त्यांनी दाखवलं. त्यावर त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. पाणी पिणे. जागा शोधणे.

ह्यांनी ते पान मात्र नीट वाचलं, आणि निघायची तारीख विचारली.

मे महिन्यात आम्ही गेलो. चार दिवस चढलो. नद्या, देवदार, पायाला फोड, सगळं सूचनांत लिहिल्याप्रमाणे. पाचव्या मुक्कामावर, तंबूंच्या वर बर्फ दिसत होता तिथं, माझं डोकं दुखायला लागलं. जेवण उलटून पडलं. सकाळी उजाडता उजाडता गटाच्या म्होरक्या बाईंनी सगळ्यांच्या बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू बघितला. आक्कांचा उत्तम. माझा कमी. आक्कांनी माझी बोटं चोळून गरम केली आणि स्वतःचं यंत्र लावलं. दुसऱ्या बोटाला लावलं. मग त्यांनी ते मिटून खिशात ठेवलं.

"शोभा, तू वर यायचं नाहीस. आज खाली उतरायचं," त्या म्हणाल्या. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा त्यांचा एक वेगळा आवाज आहे, सावकाश. तो मी पहिल्यांदा ऐकला.

"बरं."

"मीपण उतरते तुझ्याबरोबर."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला. "आक्का, खाली उतरायला माणूस दिलाय, डॉक्टर खालच्या तळावर आहे. मी चालत जाणार आहे. तुम्ही इथवर येऊन माझी पिशवी धरायला परत जाणार?"

"दोघींनी निघायचं, दोघींनी राहायचं. भावाला काय सांगू?"

"सांगा, शोभा चहा पीत होती."

त्या उभ्या राहिल्या. माझं जाकीट वरपर्यंत बंद केलं, पुन्हा एकदा डोळे बघितले, उतरणाऱ्या माणसाला माझ्या नावासकट पाच सूचना दिल्या, त्याच्याकडून त्या म्हणवून घेतल्या, आणि गेल्या. वळून बघितलं नाही. बरं झालं, माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं.

उतरायला थोडा वेळ होता. मी तंबूबाहेर चहाचा मग घेऊन बसले. समोरच्या पांढऱ्या उतारावर माणसांची रांग चढत होती, वीस-बावीस काळे ठिपके. त्यातल्या आक्का कुठल्या ते कळत नव्हतं. इतक्या लांबून सगळी माणसं सारखीच दिसतात. ऊन खिंडीवरून खाली घसरत आलं आणि रांगेला लागलं, तेव्हा मधलाच एक ठिपका थांबला. त्याच्यामागचे सगळे थांबले. पुढं गेलेलेही थांबले, आणि एकजण दोन पावलं माघारी आला. तो ठिपका खाली बर्फावर वाकला. बराच वेळ तसाच वाकून राहिला. कुणी घाई केली नाही, कुणाची तशी हिंमतच झाली नसावी.

स्वयंपाक्या शेजारी भांडी घासत होता. तो हात कपाळावर धरून वर बघायला लागला. "वो बीच में कौन रुक गया?"

"त्या आमच्या आक्का," मी सरळ मराठीतच सांगितलं, आणि नीट दिसावं म्हणून उठून उभी राहिले.